हॉट कॅरिअर खरंच हॉट आहेत का? पेरोव्स्काइट फिल्मचं पंप-प्रोब करताना आणि तापमान काढताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ग्रुप मीटिंगमध्ये एक ग्राफ दाखवला होता. मॅपीच्या फिल्ममध्ये कॅरिअरचं, म्हणजे प्रकाशाने मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनचं आणि त्यांच्या मागे उरलेल्या रिकाम्या जागांचं (होलचं), तापमान ५० पिकोसेकंदांनंतरही ५८० केल्विन, आणि मनातल्या मनात पेपरचं टायटल सुद्धा ठरवून झालं होतं. सरांनी हातातला चहाचा कप खाली न ठेवताच विचारलं, "आणि एक नॅनोसेकंदाला किती आहे?" मी म्हटलं, सर ते बघितलं नाहीये. तिथेच लॅपटॉपवर फिट मारला, ५७५ आलं. म्हणजे माझे कॅरिअर थंडच होत नव्हते, एक तर मला जगावेगळं मटेरिअल सापडलं होतं किंवा मी गाढव होतो, आणि पहिल्या शक्यतेवर कुणीच पैज लावायला तयार नव्हतं.

चूक कुठे होती ते खाली येईलच. पण तेव्हापासून दर वर्षी नवीन आलेली पोरं हेच विचारतात, हेच चुकतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. तुमच्याकडे किलोहर्ट्झवाला फेम्टोसेकंद लेझर आहे, ट्रान्झिएंट अॅब्सॉर्प्शनचा (टीएचा, म्हणजे पंपच्या पल्सने कॅरिअर उठवायचे आणि उशिराने येणाऱ्या प्रोबच्या पल्सने शोषण किती बदललं ते बघायचं) सेटअप कुणीतरी आधीच लावून ठेवलाय, आणि गाइडने सांगितलंय की पेरोव्स्काइटमध्ये हॉट कॅरिअर बघ, एवढं धरून चालतो. मॅपी म्हणजे मिथाइल-अमोनियम लेड आयोडाइड, सोलर सेलसाठी वापरतात त्या पेरोव्स्काइट क्रिस्टलच्या घराण्यातलं, लॅबमध्ये सगळे मॅपीच म्हणतात.

आधी नक्की काय मोजतोय ते बघू. १२४० भागिले नॅनोमीटरमधली वेव्हलेंग्थ म्हणजे फोटॉनची एनर्जी ईव्हीमध्ये, हे पाठच करून टाका. ४०० नॅनोमीटरचा पंप म्हणजे ३.१ ईव्ही. मॅपीचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान एनर्जी, साधारण १.६ ईव्ही. उरले १.५ ईव्ही, ते इलेक्ट्रॉन आणि होल दोघांत वाटून जातात, आणि दोघांची इफेक्टिव्ह मास (क्रिस्टलमध्ये जाणवणारं वस्तुमान) जवळजवळ सारखीच असल्यामुळे वाटणी अर्धी-अर्धी, प्रत्येकी पाऊण ईव्हीच्या आसपास. ही वाटणी लक्षात ठेवा, माझा घोळ नेमका इथेच झाला होता.

आता हा पाऊण ईव्ही घेऊन वर बसलेला इलेक्ट्रॉन काय करतो? अगदी सुरुवातीला, काही दहा फेम्टोसेकंद, सगळे कॅरिअर लेझरने जिथे नेऊन ठेवले तिथेच असतात, तेव्हा "तापमान" हा शब्दच लागू होत नाही. मग ते एकमेकांवर आपटतात, एनर्जीची देवाणघेवाण होते, आणि मॅपीमध्ये १०० फेम्टोसेकंदांच्या आतच त्यांचं फर्मी-डिरॅक पद्धतीचं वाटप तयार होतं. या वाटपाला जे तापमान बसतं ते कॅरिअरचं तापमान. फिल्म खोलीच्या तापमानालाच असते बरं का, हजार केल्विन म्हटलं की नवीन माणूस दचकतो आणि विचारतो की सॅम्पल जळत कसं नाही. जळत नाही कारण गरम झालेत ते मूठभर कॅरिअर, अणूंची जाळी नाही.

मग कॅरिअर ही एनर्जी जाळीला द्यायला लागतात, आणि ती द्यायची तर लेड-आयोडाइडच्या जाळीतल्या एलओ फोनॉनच्या (जाळीच्या एका जातीच्या कंपनांच्या) हप्त्यांत. मॅपीमध्ये एक हप्ता साधारण ११.५ मिली-ईव्हीचा. पाऊण ईव्ही भागिले ११.५ मिली-ईव्ही म्हणजे ६५ हप्ते. जिना चढून वर गेलेला माणूस ६५ पायऱ्या उतरून खाली येतो असं समजा, आणि हे सगळं जर एका पिकोसेकंदाच्या आसपास उरकत असेल तर एका पायरीला फक्त १५ फेम्टोसेकंद. कॅरिअर कमी असतील तेव्हा खरंच इतक्या झटकन होतं.

गंमत येते ती कॅरिअर जास्त असतील तेव्हा. स्वयंपाकघरात चार शेगड्या पेटवून एकीकडे पोळ्या, एकीकडे कुकर चालू आहे आणि एक्झॉस्ट फॅन बंद आहे, तर जी वाफ भांड्यातून बाहेर पडते ती तिथेच घोटाळते आणि ओट्यापाशी उभा असलेला माणूस काही केल्या थंड होत नाही. इथे वाफ म्हणजे एलओ फोनॉन. ते पुढे तुटून ध्वनीवाल्या, म्हणजे अकूस्टिक फोनॉनमध्ये जायला हवेत आणि उष्णता लांब निघून जायला हवी, पण पेरोव्स्काइटमध्ये हे काम संथ चालतं, मॅपीची उष्णता वाहून न्यायची क्षमता तर साध्या काचेपेक्षाही कमी. मग कॅरिअरनी दिलेला फोनॉन कॅरिअरच परत गिळतात. यालाच हॉट-फोनॉन बॉटलनेक म्हणतात, आणि १०^१८ प्रति घन सेंटिमीटरच्या वर गेलात की तो ठळक दिसायला लागतो.

लोक याच्या मागे का लागलेत? तर १९६१ चा शॉक्ली-क्वाइसरचा हिशेब सांगतो की एका जंक्शनच्या सोलर सेलची मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास, आणि वरची एनर्जी उष्णतेत वाया जाणं हे त्याचं एक मोठं कारण, आणि १९८२ मध्ये रॉस आणि नोझिक यांनी दाखवलं की कॅरिअर गरम असतानाच बाहेर ओढून काढता आले तर साध्या सूर्यप्रकाशात ही मर्यादा ६६ टक्क्यांपर्यंत जाते. मियासाका यांच्या ग्रुपने २००९ मध्ये ३.८ टक्क्यांचा पेरोव्स्काइट सेल केला, आता २६ च्या वर गेलेत, त्यामुळे इथे हॉट कॅरिअर सापडले तर मजाच. २०१६ मध्ये कोलंबियाच्या झू ग्रुपने हायब्रिड ब्रोमाइडच्या क्रिस्टलमध्ये १०० पिकोसेकंदांच्या आसपास टिकणारं गरम फ्लुओरेसन्स दाखवलं, २०१७ मध्ये पर्ड्यूच्या ग्रुपने मॅपीमध्ये गरम कॅरिअर ६०० नॅनोमीटरपर्यंत पळताना मायक्रोस्कोपखाली पकडले. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमधून २०१६ मध्ये सिझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोक्रिस्टलवर टेराहर्ट्झचं काम आलं, त्यात मोबिलिटी भलतीच जास्त निघाली होती. पण या सगळ्यावरून तुमच्या फिल्ममध्ये पण तसंच दिसेल असं समजून बसू नका. आणि रिपोर्टच्या पहिल्याच वाक्यात ६६ टक्के लिहू नका, माझं वैयक्तिक मत, त्या वाक्याचा आता कंटाळा आलाय.

आता कामाला लागू. सॅम्पल.

पहिल्यांदा करताय तर शुद्ध मॅपी किंवा शुद्ध ब्रोमाइड घ्या, आयोडाइड-ब्रोमाइड मिसळलेलं घेऊ नका, कारण प्रकाश पडला की त्यात आयोडाइडवाले भाग वेगळे व्हायला लागतात, आणि अर्ध्या तासाच्या स्कॅनमध्ये तुमचं मटेरिअलच बदललेलं असतं. लेड आयोडाइड आणि मिथाइल-अमोनियम आयोडाइड सम प्रमाणात, डीएमएफमध्ये थोडं डीएमएसओ (दोन्ही द्रावक), ४००० आरपीएमवर फिरवताना योग्य सेकंदाला क्लोरोबेंझीन टाकायचं, मग १०० डिग्रीवर दहा मिनिटं. योग्य सेकंद कुठला ते कुणीच सांगू शकत नाही, तुमच्या स्पिनरवर तुम्हालाच शोधावा लागतो, फिल्म धुरकट व्हायच्या क्षणभर आधी. चांगली फिल्म काळपट तपकिरी आणि आरशासारखी दिसते. दुधाळ दिसली तर फेकून द्या, प्रोब इतका विखुरतो की नंतर रडायची वेळ येते. लेड आणि डीएमएफ दोन्ही अंगाला लागू द्यायचे नाहीत, ग्लव्हज घालूनच, आणि त्याच ग्लव्हजनी मोबाइल उचलायचा नाही.

पातळ फिल्म करा. सोलर सेलवाले ४००-५०० नॅनोमीटरची करतात, आपल्याला ती नको, सोल्यूशन पातळ करून १०० च्या आसपास आणा, कारण खाली कॅरिअर डेन्सिटीच्या हिशेबात कळेल.

आणि पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-पुण्याच्या हवेत उघडी ठेवलेली मॅपी कडेकडेने पिवळी पडायला लागते, पिवळं म्हणजे लेड आयोडाइड सुटं झालं. ग्लव्हबॉक्समध्येच वरून पीएमएमएचा (पारदर्शक प्लॅस्टिकचा) थर द्या, तो क्लोरोबेंझीनमध्ये विरघळतो आणि मॅपी क्लोरोबेंझीनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे जमतं. शक्य असेल तर वरून कव्हरस्लिप लावून इपॉक्सीने कडा बंद करा. मोजायच्या आधी आणि नंतर साधा यूव्ही-विजिबल स्पेक्ट्रम घ्या, दोन्ही एकमेकांवर ठेवा, बसले नाहीत तर तो डेटा विसरा.

आता कॅरिअर डेन्सिटी. सगळ्यात जास्त चुका इथे. समजा ४०० नॅनोमीटरचा पंप, एक किलोहर्ट्झ, पॉवर मीटर २० मायक्रोवॉट दाखवतोय. चॉपर (एकाआड एक पल्स अडवणारी फिरती चकती) थांबवून मोजलंत तर भागिले १०००, म्हणजे २० नॅनोज्यूल प्रति पल्स. चॉपर चालू ठेवून मोजलंत तर मीटर १० दाखवेल, आणि त्याला १००० ने भागलंत तर तिथेच दुपटीची चूक, कारण सॅम्पलपर्यंत सेकंदाला ५०० च पल्स पोचताहेत. पुढे, पंपचा स्पॉट. दाढीचं ब्लेड मायक्रोमीटर स्टेजवर लावून बीम हळूहळू कापत मोजा, नुसतं कागदावर डोळ्याने बघून "अर्धा मिलीमीटर असेल" असं लिहू नका. समजा त्रिज्या २५० मायक्रॉन आली. मध्यभागातला फ्लुअन्स (दर चौरस सेंटिमीटरवर पडणारी एनर्जी) म्हणजे दोन गुणिले एनर्जी भागिले पाय त्रिज्या वर्ग, साधारण २० मायक्रोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. एका फोटॉनचे ३.१ ईव्ही, म्हणजे सुमारे ४×१०^१३ फोटॉन प्रति चौरस सेंटिमीटर. त्यातले २० टक्के परावर्तनात गेले धरा. ३०० नॅनोमीटरच्या फिल्मवर सरासरी काढली तर १.१×१०^१८.

हा आकडा सगळे लिहितात, आणि तो पहिल्या काही पिकोसेकंदांसाठी खोटा असतो. कारण ४०० नॅनोमीटरचा प्रकाश मॅपीत ४०-५० नॅनोमीटर आत जाईस्तोवर बराचसा संपतो. म्हणजे कॅरिअर सगळे वरच्या थरात गर्दी करून, तिथली डेन्सिटी ७×१०^१८ च्या घरात, आणि तळाशी जवळपास कुणीच नाही. मुंबईच्या लोकलचा पहिला डबा खच्चून भरलेला आणि शेवटचा रिकामा, आणि आपण "सरासरी बरी होती" असं सांगतोय. हे कॅरिअर पसरायला शेकडो पिकोसेकंद लागतात, तोपर्यंत कूलिंगचा खेळ खलास. म्हणून फिल्म पातळ, आणि ओपीए (लेझरचा रंग बदलून देणारं उपकरण) असेल तर पंप ६०० नॅनोमीटरच्या आसपास घ्या, तो खोलवर जातो आणि गर्दी समान होते. ओपीए नसेल आणि ४०० वरच भागवायचं असेल तर निदान पुढच्या थराची डेन्सिटी सुद्धा सोबत लिहा.

प्रोबचा स्पॉट पंपच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा ठेवा म्हणजे मधला भागच बघितला जाईल.

प्रोबवरून आठवलं. ८०० नॅनोमीटरच्या लेझरने सफायरमध्ये व्हाइट लाइट केला की ८०० च्या आजूबाजूचा भाग नेहमी चंचल असतो, आणि मॅपीचा बँड-एज (जिथे शोषण सुरू होतं ती बँडगॅपची कड) नेमका ७६०-७७० ला. आपलं नशीब. फिल्टर लावून ८०० कापलं तर बँड-एजपण अर्धवट कापला जातो. ओपीएमधून १२००-१३०० काढून त्याने व्हाइट लाइट करा, किंवा १०३० वाला यटर्बियम लेझर असेल तर प्रश्नच नाही. काहीच नसेल तर मिथाइल-अमोनियम लेड ब्रोमाइड घ्या, त्याचा बँड-एज ५४० च्या आसपास, एकदम आरामाच्या जागी, फक्त तिथे एक्सायटॉनचं (एकमेकांना बांधलेल्या इलेक्ट्रॉन-होल जोडीचं) शिखर जास्त ठळक असल्यामुळे शेपटीचा (ती पुढे येईलच) फिट जास्त जपून करावा लागतो.

आता चर्प. हे नीट वाचा. व्हाइट लाइट सफायर, लेन्स, फिल्टर यातून येताना लाल रंग पुढे निघतो आणि निळा मागे राहतो. म्हणजे एकाच स्टेज पोझिशनला (स्टेज म्हणजे आरसे सरकवून पंप-प्रोबमधला उशीर बदलणारी सरकपट्टी) लाल प्रोब सॅम्पलवर आधी पोचतो, निळा नंतर. पंप मधे आला की काय होईल? निळ्याच्या दृष्टीने पंप येऊन गेलाय, लालच्या दृष्टीने अजून यायचाय. त्यामुळे स्टेज हळूहळू सरकवली की ब्लीच (कॅरिअरनी जागा भरल्यामुळे शोषण कमी झाल्याचा सिग्नल) आधी निळ्याकडे उगवतं आणि मग लालकडे सरकतं, म्हणजे आधी वरच्या एनर्जीला आणि मग बँड-एजला. हुबेहूब कूलिंग! पहिल्यांदा बघणारा माणूस यावर पन्नास टक्के थिसिस लिहून मोकळा होतो. नुसत्या काचेवर, ज्यावर फिल्म नाहीये पण जाडी तीच आहे, त्याच पंपने एक स्कॅन घ्या. काचेचा जो छोटासा आर्टिफॅक्ट येतो तो प्रत्येक वेव्हलेंग्थचा टाइम झिरो, म्हणजे पंप आणि प्रोब एकत्र पोचतात तो क्षण, सांगतो. त्याला गुळगुळीत कर्व्ह बसवा, आणि सगळा डेटा त्याप्रमाणे सरकवा. हा काचेचा स्कॅन रोज घ्यायचा, गेल्या महिन्यातला चालत नाही, एक फिल्टर बदलला तरी सगळं हलतं. त्याच आर्टिफॅक्टच्या रुंदीवरून तुमच्या सेटअपची टाइम रिझोल्यूशन कळते, १०० फेम्टोसेकंदांच्या पल्सला १५० च्या आसपास येते. त्याअर्थी पहिल्या २०० फेम्टोसेकंदांत तापमान वगैरे लिहायच्या भानगडीत पडू नका.

स्टेजचा हिशेब: १५ मायक्रॉन म्हणजे १०० फेम्टोसेकंद, कारण प्रकाश जातो आणि परत येतो. १५ सेंटिमीटर म्हणजे एक नॅनोसेकंद. सुरुवातीला पावलं बारीक ठेवा, नंतर लॉगमध्ये वाढवत न्या, आणि एक नॅनोसेकंदापर्यंत नक्की जा. "मला फक्त पहिले पाच पिकोसेकंद हवेत" असं म्हणून तिथेच थांबू नका, मी तर डेटा असूनही पुढे बघितलं नव्हतं.

डेटा आला की सगळ्यात आधी काय दिसतं? ७६० च्या आसपास ब्लीच. अगदी सुरुवातीला त्याच्या लाल बाजूला, गॅपच्या खाली, एक उलट्या चिन्हाचा छोटा सिग्नल असतो जो काही शे फेम्टोसेकंदांत मावळतो, तो कॅरिअर गरम असताना बँडगॅप थोडा खाली सरकल्यामुळे येतो. आणि ब्लीचच्या निळ्या बाजूला एक लांब शेपटी, जी वेळेबरोबर आखूड होत जाते. हीच आपली शेपटी. गरम कॅरिअर लांबवर पसरलेले, थंड कॅरिअर बँड-एजला चिकटलेले.

तापमान काढायचं ते या शेपटीतून. पहिलं काम, ब्लीचच्या सिग्नलला त्याच वेव्हलेंग्थच्या साध्या अॅब्सॉर्बन्सने भागा. हे न करता केलेले फिट मी भरपूर बघितलेत. तुम्हाला भरलेल्या जागांचं प्रमाण हवंय, मुळात किती जागा आहेत ते नकोय. मग लॉग घ्या आणि एनर्जीच्या अक्षावर काढा. नॅनोमीटरवर नाही, ईव्हीवर. सरळ रेघ यायला हवी. शिखरापासून निदान ८०-१०० मिली-ईव्ही वर गेल्यावर खिडकी सुरू करा आणि सिग्नल नॉइजमध्ये जायच्या आधी संपवा. खिडकी २० मिली-ईव्ही इकडे-तिकडे सरकवून बघा, तापमान १०० केल्विनने हललं तर ते तापमान नाही, ती तुमची इच्छा आहे.

आता माझा ५८० चा किस्सा. माझ्या डेटात ५० पिकोसेकंदांना १.७० ईव्हीवर भागाकार ४.० होता आणि १.८० वर ०.५४. गुणोत्तर ७.४, त्याचा नैसर्गिक लॉग २. म्हणजे १०० मिली-ईव्हीत दोनदा ई-पट घट, प्रत्येक ५० मिली-ईव्हीला एकदा. पेपरमध्ये बघितलेलं सूत्र लावलं, की शेपटी उतरते ती बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे केटीने. केटी बरोबर ५० मिली-ईव्ही, भागिले ०.०८६२, आले ५८० केल्विन.

पण अक्षावर आहे ती फोटॉनची एनर्जी, एकट्या इलेक्ट्रॉनची नाही! गॅपच्या वर १०० मिली-ईव्ही असलेल्या फोटॉनशी संबंध येतो तो ५० मिली-ईव्हीवरच्या इलेक्ट्रॉनचा आणि ५० मिली-ईव्हीवरच्या होलचा, वर सांगितलेली अर्धी-अर्धी वाटणी. ब्लीच म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भरलेल्या जागा अधिक होलच्या भरलेल्या जागा, बेरीज. म्हणून शेपटी उतरते दोन केटीने, एका केटीने नाही. ५० मिली-ईव्हीचे अर्धे २५, आणि २५ भागिले ०.०८६२ म्हणजे २९० केल्विन. खोलीचं तापमान. एसी चालू असलेल्या लेझर लॅबचं अगदी तंतोतंत तापमान मी मोजलं होतं आणि त्याला हॉट कॅरिअर म्हणत होतो.

फोटोल्युमिनेसन्समध्ये (फिल्म स्वतः बाहेर टाकते तो प्रकाश मोजताना) मात्र इलेक्ट्रॉन आणि होल दोघांना भेटावं लागतं, तिथे बेरीज नाही गुणाकार, दोन अर्धे मिळून पूर्ण, त्यामुळे तिथे सरळ एका केटीनेच उतरते. दोन्ही प्रकारचे पेपर वाचताना कुणी कुठलं सूत्र लावलंय ते बघितल्याशिवाय आकड्यांची तुलना करू नका, काही जण टीएला एक केटी लावतात, काही दोन.

म्हणून सरांचा तो एक नॅनोसेकंदवाला प्रश्न. तोवर कॅरिअर थंड झालेलेच असणार, म्हणजे तुमच्या डेटातच एक फुकटचा थर्मामीटर बसलाय ज्याने ३०० च्या आसपास दाखवायला हवं. नाही दाखवलं तर हाताने गुणून ३०० वर आणू नका, कारण शोधा: अॅब्सॉर्बन्सने भागायचं राहिलं का, शेपटीखाली उलट्या चिन्हाचा रुंद सिग्नल आहे का, तो मॅपीत बऱ्याचदा असतो कारण पंपने रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सपण बदलतो आणि फिल्मचं परावर्तन हलतं, जमत असेल तर रिफ्लेक्शनपण मोजा. नाहीतर डेन्सिटी जास्त आहे. मॅपीत खोलीच्या तापमानाला २×१०^१८ च्या वर गेलात की कॅरिअर डिजनरेट व्हायला लागतात, फर्मी लेव्हल बँडच्या आत शिरते आणि शेपटीची सुरुवात अजून वर सरकते, तिथे सरळ रेघ न मारता पूर्ण फर्मी-डिरॅक बसवावा लागतो.

दोन कंट्रोल केल्याशिवाय कुणाला ग्राफ दाखवू नका. एक, पंप ७४०-७५० ला, म्हणजे बँड-एजच्या अगदी डोक्यावर, तीच डेन्सिटी ठेवून. इथे कॅरिअर जन्मतःच जवळजवळ थंड, त्यामुळे इथेसुद्धा ८०० केल्विन दिसायला लागलं तर तुमचा फिट काहीतरी वेगळंच पकडतोय. पंपचा विखुरलेला प्रकाश प्रोबच्या आसपासच पडतो त्यामुळे हा स्कॅन घेताना नाकी नऊ येतात, तरी घ्या. दोन, पहिला स्कॅन आणि शेवटचा स्कॅन एकमेकांवर ठेवा, सॅम्पल बदललं का ते तिथे कळतं.

मग डेन्सिटी सिरीज. ३×१०^१७ पासून १०^१९ पर्यंत चार-पाच पायऱ्या. खालच्या टोकाला तापमान एका पिकोसेकंदाच्या आसपास खाली येतं, तिथे बॉटलनेक नाही. मधे १०^१८ च्या वर शेवटचा टप्पा रेंगाळायला लागतो, आधी भराभर उतरून मग ४००-५०० केल्विनच्या आसपास काही ते दहा-वीस पिकोसेकंद अडखळत. आणि १०^१९ ला ऑजे येतो. ऑजेचा गुणांक मॅपीत १०^-२८ च्या घरात, म्हणजे १०^१९ ला एका कॅरिअरचं आयुष्य १०० पिकोसेकंद, आणि प्रत्येक वेळी मरणाऱ्या जोडीचे १.६ ईव्ही तिसऱ्या कॅरिअरच्या गळ्यात. म्हणजे थंड झालेले पुन्हा तापतात. १०^१८ ला हेच आयुष्य १० नॅनोसेकंद, त्यामुळे तिथे विसरून चालतं. तुमचं शंभर पिकोसेकंद टिकणारं तापमान फक्त सगळ्यात वरच्या पॉवरला दिसतंय आणि ब्लीचचं शिखरपण त्याच वेळात पडतंय, तर ते बॉटलनेक म्हणून विकू नका, ऑजे आहे.

पॉवर वाढवताना अजून एक, मॅपी ५५ डिग्रीच्या आसपास टेट्रागोनलची क्युबिक होते. एकाच जागी तासभर पंप मारत बसलात तर तिथली फिल्म तापून तिकडे जाऊ शकते, सॅम्पल मधूनमधून सरकवत राहा.

लेझरचं नेहमीचं: गॉगल घालून, घड्याळ-अंगठी काढून, आणि पडलेला स्क्रू उचलायला वाकायच्या आधी शटर बंद.

माझ्या त्या डेटाचं शेवटी काय झालं विचाराल तर, दोन केटी लावून, चर्प नव्याने काढून, पुढच्या थराची डेन्सिटी धरून सगळं परत चालवलं, तेव्हा खालच्या तीन पॉवरला दोन पिकोसेकंदांनंतर खोलीचं तापमान, आणि फक्त वरच्या दोन पॉवरला पंधरा पिकोसेकंदांपर्यंत थोडं गरम उरलं. टायटल बदललं, ग्राफखाली पाच ओळींची कॅप्शन आली ज्यात सूत्र, खिडकी, स्पॉटची त्रिज्या, दोन्ही डेन्सिटी आणि एक नॅनोसेकंदाचं तापमान लिहिलं, आणि पुढच्या मीटिंगला सरांनी कप खाली ठेवून फक्त कॅप्शन वाचली.